मागणी नाही

"शहरात टॅक्सीला मागणीच नाही, बाई. नवा परवाना मिळणार नाही," नगरपालिकेतला अधिकारी म्हणाला.

"कशावरून?"

"आमचा माणूस दिवसभर टॅक्सी स्टँडवर बसून होता. एक प्रवासी फिरकला नाही."

"तिथे टॅक्सीच येत नाही, तर प्रवासी कशाला फिरकेल?"

त्याने पुढच्या माणसाला आत बोलावलं.

ती धुमसतच आपली गाडी घेऊन निघाली. इस्पितळाच्या फाटकापाशी एक म्हातारा, पायाला प्लास्टर घातलेल्या बायकोला सावरत, येईल त्या गाडीला हात करत होता. तिने दोघांना मागे बसवलं. पुढच्याच चौकात नगरपालिकेच्या निरीक्षकाने अडवलं. विनापरवाना प्रवासी नेते म्हणून गाडी जप्त.

"यांच्याकडून एक पैसा घेतलेला नाही मी."

"सगळे हेच सांगतात."

म्हातारा बायकोला घेऊन पुन्हा रस्त्याच्या कडेला उभा राहिला.

नगरपालिकेच्या आवारात विनापरवाना प्रवासी नेताना जप्त केलेल्या गाड्या दाटीवाटीने लावल्या होत्या. "तुमच्यासारख्यांनी मुंगी शिरायला जागा ठेवली नाही," निरीक्षक वैतागला. "गाडी भिंतीला चिकटवून लावा आणि किल्ली द्या."

तिने किल्ली मुठीत घट्ट धरली.

"आधी तुमच्या साहेबाला खाली बोलवा. ही सगळी मागणी त्याला दाखवायची आहे."