रिकाम्या ओळी

ऑफिसचा कोड पाठवण्याआधी केतकीने तो नीटनेटका करायची नेहमीची कमांड दिली. घाईत शेवटी फाइलचं नाव टाकायचं सोडून तिने नुसतं टिंब टाकलं. टिंब म्हणजे अख्खं फोल्डर. लगेच खाली निरोप आला: मांडणी सुधारली, अर्थ बदललेला नाही.

त्याच फोल्डरमध्ये आल्हाद होता.

भाऊ गेल्यावर तिने त्याला कोडमध्ये उतरवलं होतं. रोज दुपारी तो स्वयंपाकघरातल्या स्पीकरवरून आईशी बोलायचा. त्याची दुसरी प्रत नव्हती. गेलेल्या माणसाचे दोन करू नयेत, असं आता घरोघरी पाळत, आणि आईनंही तेच बजावलं होतं.

केतकीने त्याची फाइल उघडली. शब्द सगळे जागच्या जागी होते. गेल्या होत्या त्या फक्त मधल्या रिकाम्या ओळी. आल्हाद बोलता बोलता थांबायचा, काहीतरी गिळायचा, मग पुढे बोलायचा. ते थांबणं त्या ओळींत होतं.

ती स्वयंपाकघरात धावली. आई मेथी निवडत बसली होती.

"आई, जेवलीस का, गुडघा कसा आहे, गोळी घेतलीस का," स्पीकरमधून आल्हादचा आवाज सलग येत होता.

आईचे हात थांबले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"हो, जेवले," ती स्पीकरला अदबीनं म्हणाली. "आता जरा आमच्या आल्हादला देता का?"