दुःख चाळीस भरलं तर

मदतनिधीच्या दुःखमापकावर सुलक्षणाने बोट ठेवलं. गर्भपाताचा खर्च संस्था देणार होती, पण यंत्रात दुःख चाळीस भरलं तरच. कायद्याची मुदत आठ दिवसांत संपत होती. आकडा आला बारा.

"अगं, जरा रड की," खिडकीतल्या कारकून कुंदाताई कुजबुजल्या.

"रडू कशाला? ठरवल्यापासून उलट हलकं वाटतंय."

"ते घरी जाऊन वाटू दे. सकाळपासून खाल्लंस का काही?"

हे तिला कित्येक दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. सुलक्षणाला हुंदका आवरेना. आकडा सरसर साठावर गेला आणि पडद्यावर अक्षरं उमटली: 'मनाची चलबिचल दिसते. दहा दिवस विचार करून यावे.'

आता मात्र ती ढसाढसा रडू लागली.

"रडू नकोस गं बाई!" कुंदाताई ओरडल्या. "दहाचे पंधरा दिवस झाले!"