मुठीतलं नाणं

"नाणं कधी घासायचं नाही हं बाळा. घासलेल्या नाण्याला संग्राहक हुंगूनही बघत नाही," बाबा लेकीला सांगायचे.

आजारपणात त्यांनी आजीचं चांदीचं नाणं जुनी नाणी जमवणाऱ्या काकांकडे जपायला दिलं. बाबा गेले, पण काका ते परत द्यायचं नाव घेईनात. उलट पाहुण्यांना डोळे पुसत सांगायचे, "मी घर सोडलं तेव्हा आईनं माझ्या मुठीत ठेवलं होतं."

घर तर बाबांनी सोडलं होतं.

परगावी जाताना काकांनी तिच्या हाती किल्ल्या दिल्या. "झाडांना पाणी घाल. आणि नाण्यांच्या कपाटावर धूळ बसलीय बघ."

"निश्चिंत जा काका. सगळं लख्ख करून ठेवते."



दुसऱ्या दिवशी लिंबू, मीठ आणि तारेची घासणी पिशवीत घालून ती दिलेला शब्द पाळायला निघाली.