अस्वलाचा तास

“आजारी पोरांतसुद्धा वशिला चालवता तुम्ही, साहेब! थोडी तरी लाज बाळगा!”

रुग्णालयाच्या व्यवस्थापकासमोर एक अस्वल उभं होतं. मुंडकं काखेत, कपाळावर घाम, गळ्यापर्यंत तपकिरी मखमल. आतला माणूस पडदेवाला. दुकानात उरलेल्या कापडातून त्याने हे सोंग स्वतः शिवलं होतं. दर रविवारी ते अंगावर चढवून तो मुलांच्या वॉर्डात यायचा. एक पैसा घ्यायचा नाही. त्यामुळे कुणाची भीडही ठेवायचा नाही.

“मी सांगेन त्याच मुलाजवळ बसायचं,” व्यवस्थापक कागदांतून मान वर न काढता म्हणाला. “बाकीच्यांना लांबून हात हलवा, नाचा, उड्या मारा. बसायचं एकाजवळच. आज खिडकीपाशी.”

“का?”

“का ते विचारायचं नाही, हे आपलं पहिल्याच दिवशी ठरलंय.”

“आणि ती कोपऱ्यातली पोरगी? ती दिसत नाही वाटतं तुम्हाला?”

व्यवस्थापकाने आता कुठे वर बघितलं. “तिला तुमची गरज नाही.”

“बरोबर आहे. गरज श्रीमंतांनाच असते!”

व्यवस्थापकाने मान पुन्हा कागदांत घातली. बोलणार काय, कप्पाळ! पडदेवाल्याने दार आपटलं.

त्याला डोळे होते. साहेब ज्या खाटेकडे बोट दाखवायचे, तिथला थाटच न्यारा. बाकी खाटांपाशी एका वेळी एकच माणूस, असा कडक नियम. त्या खाटेभोवती मात्र आजी, आजोबा, मामा, मावश्या, सगळं गणगोत. बाकीच्यांच्या ताटात पथ्याचा बेचव लगदा. तिथे आइस्क्रीम, तेही मागेल तेव्हा. सुया बंद, कडू औषधं बंद, सिस्टरचा आवाज एकदम लोण्यासारखा. एकदा तर असल्या एका लाडोबाला दुसऱ्या दिवशी स्वतंत्र खोलीही मिळाली होती. पुढच्या रविवारी बघावं तर त्या खाटेवर दुसरंच पोर; पहिलं लवकर घरी सोडलं असणार. आणि या सगळ्यावर वरचा तुरा म्हणून काय, तर अस्वल! म्हणजे तो स्वतः. बड्यांच्या पोरांचं खेळणं.

कोपऱ्यातल्या मुलीची आई लोकांचे कपडे इस्त्री करायची. मनगटावर चटक्यांचे डाग. तिच्यासाठी कुठला नियम सैल होणार? मुलीला रोज सुया, रोज पथ्य, आणि औषध थुंकलं की सिस्टरचा आरडाओरडा. डोक्यावर एक केस नाही, पण जीभ अशी, की सगळे तिला वकिलीण म्हणायचे. एकदा तिने मोठ्या डॉक्टरांनाच धरलं होतं. “दुखणार नाही म्हणालात. दुखलं. मग खोटं का बोललात?” डॉक्टर चष्मा पुसत निघून गेले होते. पडदेवाल्याला अस्वलाच्या मुंडक्यात हसू आवरेना. त्या दिवसापासून ही पोरगी त्याच्या मनात घर करून बसली होती. पण तिच्याजवळ बसायची परवानगी? छे!

आणि ती कधी त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. अस्वल दारात आलं, की निम्मा वॉर्ड डोळे मिटून घ्यायचा. हे आपल्या वाट्याला यायचं नाही, हे पोरांनाही कळून चुकलं असणार.

घरी त्याने हे सगळं बोलून दाखवलं होतं.

“तुम्हाला काय करायचंय?” बायको म्हणाली. “सांगतील तिथे नाचा आणि घरी या. घरच्या पोराला कधी हसवलंत का?”

“घरच्याला काय धाड भरलीय? इथे अन्याय चाललाय, अन्याय!”

“मग जा, पाजळा अक्कल.”

आज त्याने ठरवलंच होतं. होऊन जाऊ दे. फार तर उद्यापासून येऊ नका म्हणतील. पण त्या पोरीला एकदा तरी तिच्या हक्काचा तास मिळेल, ती खदखदून हसेल, आणि ते साहेबाच्या नाकावर टिच्चून होईल.

मुंडकं चढवून तो वॉर्डात शिरला. खिडकीपाशी गर्दी तयारच होती. कुणाची तरी आत्या उठून त्याच्यासाठी जागा करू लागली. त्याने तिकडे नुसता पंजा हलवला आणि वळला तो थेट कोपऱ्याकडे.

आत्या अर्धवट उठलेली तशीच राहिली.

मुलीची आई ताडकन उठून आडवी आली. “अहो, इथे नाही! चुकलात तुम्ही. तिकडे, खिडकीपाशी.”

गरिबाला चांगल्या गोष्टीचीही भीती वाटते, पडदेवाल्याच्या मनात आलं. “चुकलो नाही, ताई,” तो मखमलीतून म्हणाला. “आज मुद्दाम हिच्याकडेच आलोय. कुणी अडवलं तर मी बघून घेईन.”

“अहो, पाया पडते, जा!”

मागे सिस्टरच्या हातातला ट्रे खाली पडला. ती धावत बाहेर गेली. जा, लाव चुगली, म्हणत त्याने स्टूल ओढलं, ऐसपैस बसला आणि आपला केसाळ पंजा मुलीच्या पांघरुणावर ठेवला.

वकिलीण हसली नाही. शेजारच्या खाटेवरचा मुलगा खाली उतरला, उशीखालून आपली लाल मोटार काढली आणि गुपचूप तिच्या मांडीवर ठेवून परत गेला. कालपर्यंत तो त्या मोटारीला कुणाला बोट लावू द्यायचा नाही.

मुलीने मोटारीकडे बघितलं. अस्वलाकडे बघितलं. मग आईचा पदर घट्ट धरून ती म्हणाली, “मी बरी झाले, आता घरी जायचं, असं तू म्हणालीस ना? मग हे माझ्याकडे का आलं? हे ज्याच्या ज्याच्याजवळ बसलं, त्यातलं एक तरी वाचलं का? बोल ना, आई. खोटं कोण बोलतंय, तू की हे अस्वल?”