कानांची साक्ष

कान साक्ष देतो, मेंदू ती साक्ष तपासतो आणि मगच निकाल लागतो. मधली पायरी गाळून चालत नाही, असं पंच सगळ्यांना सांगत. उभी हयात त्यांनी क्रिकेटच्या मैदानावर पंचगिरी केलेली. चेंडू बॅटीला पुसटसा घासून गेला तरी त्यांना ऐकू जाई. ऐकू येत नव्हती ती फक्त बायको.

तेही अलीकडे. "मागची खोली माझ्या भावाला देऊ या का?" असं तिनं विचारलं, त्या संध्याकाळपासून पंचांचे कान गेले होते. ती खोली म्हणजे त्यांची दुपारची झोप, त्यांचा रेडिओ आणि संसारातलं एकुलतं एक बंद होणारं दार. प्रश्न पुन्हा आला की ते म्हणत, "उकाडा वाढलाय खरा."

आज बायकोनं त्यांना कान तपासायला आणलं होतं. काचेची खिडकी असलेली बंद खोली, कानांवर हेडफोन, हातात बटण. "अगदी बारीक आवाज आला तरी दाबायचं हं काका," तपासणारी मुलगी म्हणाली. पंचांनी कपाळाला आठ्या घालून तेच तिच्याकडून पुन्हा मोठ्यानं वदवून घेतलं.

पहिली शिट्टी आली, बारीक, लांबून. बोट बटणावर वळवळलं. पंचांनी त्याला आवरलं. पण एकही शिट्टी ऐकली नाही, तर ठार बहिरा ठरवून कानात यंत्र बसवतील, मग सबबच संपली. म्हणून मोठ्या शिट्ट्या घ्यायच्या, बारीक सोडायच्या. धोरण ठरलं.

मग संशय आला. ही मुलगी मध्येच खाली बघते ती मुद्दाम? मघा सोडलेली शिट्टी पुन्हा वाजली, किंचित मोठी. सापळा. काचेपलीकडे बायको मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. तिनं एकदाही इकडं पाहिलं नव्हतं. इतका संसार केलेली बाई अशी बेफिकीर बसते, तेव्हा कुठंतरी काहीतरी शिजत असतं. दोघींचं संगनमत असणार.

नंतर सगळं शांत झालं आणि त्या शांततेतही पंचांना शिट्टी ऐकू आली. तिनं वाजवली की आपल्याच डोक्यात वाजली? मैदानावर अशा वेळी ते शंकेचा फायदा फलंदाजाला देत. इथं फलंदाज कोण, तेच कळेना.

तेवढ्यात हेडफोनमधून मुलीचा आवाज आला, कुजबुजीहूनही हलका. "काका, शर्टाची बटणं वरखाली लागलीत."

हात छातीकडे गेला. मेंदूला खबर लागण्याआधीच बोटं गळ्यापासून बटणं चाचपत खाली निघाली होती.

बटणं बरोबर होती.

मुलीनं आत येऊन त्यांचे हेडफोन काढले. "कान माझ्यापेक्षा चांगले आहेत तुमचे," ती म्हणाली आणि दारातूनच बायकोला सांगून मोकळी झाली, "काकू, यांना सगळं ऐकू येतं."

पंचांनी मान खाली घातली. आता घरी जाऊन प्रश्नाला उत्तर देणं आलं. 'नाही' कसं म्हणायचं, याची ते मनातल्या मनात जुळवाजुळव करू लागले.

"ते मला ठाऊक आहे," बायको मुलीला म्हणाली आणि पुन्हा मोबाइलकडे वळली. "पण इतक्यात झालं? अजून थोडं तपासता येणार नाही का?"

पंचांचा संशय पहिल्यांदाच योग्य जागी जाऊन उभा राहिला.

"ठाऊक होतं, तर मला आणलंस कशाला?"

"तुम्ही घरात असता तर जिन्यात आडवे आला असता."

"कुणाला?"

"कपाटाला."

मेहुण्याचं कपाट आत शिरेना, म्हणून मागच्या खोलीचं दार एव्हाना काढून टाकलं होतं.