मुंगीएवढा ओरेस्ट

“तुझा म्हातारा अजून यादीत आहे,” कॉलीन म्हणाली. “चारला नकाशे जाणार. त्याआधी काढ त्याला.”

लरिसाने मान डोलावली. कॅनडातल्या सास्काटूनच्या त्या छोट्या कचेरीत कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवत त्याच्यापुढे झाडू मारायच्या खेळाच्या, नव्या बंदिस्त मैदानाचे नकाशे तयार होते. जुने ब्लॉक चालणार नाहीत, असं नगरपालिकेने कळवलं होतं. दार, खिडकी, झाड, माणूस, संगणकावर एकदा रेखाटून ठेवायचं आणि हवं तिथे मांडायचं, ते ब्लॉक. जुने पुसणारा प्रोग्रॅम लरिसानेच लिहिला होता. त्याचा नियम एकच: नकाशात कुठेही वापरात असलेल्या ब्लॉकला हात लावायचा नाही.

म्हातारा म्हणजे तिचे बाबा, ओरेस्ट. तीस वर्षं याच टेबलावर बसले. शेजारी माणूस उभा केल्याशिवाय दार केवढं ते कळत नाही, म्हणत त्यांनी स्वतःचाच ब्लॉक केला होता, टोपीसकट. मार्चमध्ये ते गेले. लरिसाने त्यांना मुंगीएवढं करून या नकाशात छपरावर, धुराड्यामागे लपवलं. तेवढं पुसलं की ते पुन्हा कुठल्याच नकाशात दिसणार नव्हते.

“बर्फावर झाडू मारताना दरवेळी आपटायचे तुझे बाबा,” समोरच्या टेबलावरून ड्वेन म्हणाला. “या मैदानावर राहून करणार काय?”

“आपटणार.”

ड्वेन खो खो हसला. कॉलीनही हसली, पण पडद्यावरची नजर तिने काढली नाही. ती स्वतः कधी रेघ ओढत नसे, लाल रंगात फक्त दुसऱ्यांच्या चुका खोडायची. ड्वेनचा रंग हिरवा, लरिसाचा निळा. कुणाचं काम कुठलं, ते लगेच कळायचं.

पावणेचार वाजले. नगरपालिकेने नकाशे परत पाठवले असते, तर कचेरीचं सहा महिन्यांचं काम लटकलं असतं. बाबांना ते मुळीच आवडलं नसतं. लरिसाने धुराड्यामागचा निळा ओरेस्ट निवडला, क्षणभर पाहिला आणि पुसला. मग प्रोग्रॅम चालवला.

दोनशे बारा ब्लॉक गेले. एक उरला. ओरेस्ट: वापरात, दोन ठिकाणी.

तिने पहिली जागा मोठी करून पाहिली. मैदानाच्या खाणावळीच्या स्वयंपाकघरात, भट्टीला टेकून, मुंगीएवढा हिरवा ओरेस्ट.

दुसरी जागा बर्फाच्या अगदी मधोमध होती. तिथल्या ओरेस्टच्या हाताशी कुणीतरी एकेक काडी ओढून झाडू काढून दिला होता. ओरेस्ट आणि झाडू, दोन्ही लाल होते.