चोख व्यवहार

पार्लरसाठी दुसरी खुर्ची घ्यायची, म्हणून ती कर्ज मागायला बँकेत आली. सोबत नवरा होता. साहेबांच्या स्क्रीनवर आपल्याबद्दल काय लिहिलंय, ते बघायला ती सारखी मान उंचावत होती.

“मॅडम, तुम्ही कधी कर्जच काढलं नाहीत, त्यामुळे तुमचा स्कोअरच नाही. सरांचा मात्र एक नंबर! घरकर्जाचा एकही हप्ता चुकलेला नाही. हे कर्जही त्यांच्याच नावावर काढू.”

नवऱ्याची छाती फुगली.

“पण सर, इतकी वर्षं एकदाही उशीर नाही! जमवता कसं?”

आता तिनेही कान टवकारले.

नवऱ्याने घसा खाकरला आणि हळूच तिच्याकडे झुकून विचारलं, “आपला हप्ता किती तारखेला असतो गं?”